केबलशिवाय फोन आणि डेस्कटॉप जोडायचाय? आधी दोघांना एका राऊटरवर आणा

वेळणेश्वरजवळ घरगुती निवास चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: "ऑफिसच्या खोलीत डेस्कटॉप आहे. पाहुण्यांची बिलं, नोंदी सगळं त्यावर. खोल्यांचे फोटो आणि पाहुण्यांची ओळखपत्रं मात्र माझ्या मोबाईलमध्ये. केबल लावली की मोबाईल चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही. दुकानदार म्हणतो, पिन गेली. मोबाईल न बदलता वायरशिवाय जोडता येईल का? मुलाने पुण्याहून सांगितलेलं ॲप टाकून पाहिलं, त्यात कॉम्प्युटर येतच नाही. आणि आमच्याकडे नेटही धड नसतं."

ताई, जोडता येईल. मोबाईल बदलू नका. आणि नेट धड नसतं याची काळजी तर पहिली सोडा, कारण फोनमधला फोटो त्याच घरातल्या संगणकावर न्यायला इंटरनेट लागतच नाही. गेली वीस वर्षं चिपळूण, गुहागर, दापोली या पट्ट्यात मी संगणक आणि नेटवर्कची कामं करतोय. या एका गैरसमजापायी लोकांनी जितका वेळ आणि पैसा घालवला, तितका दुसऱ्या कशात घालवलेला मी पाहिलेला नाही.

राऊटर दोन वेगळी कामं करतो. एक, घराला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणं. दुसरं, घरातल्या यंत्रांचा एकमेकांशी बोलण्याचा रस्ता उघडा ठेवणं. बाहेरची फायबर झाड पडून तुटली तर पहिलं काम बंद होतं, दुसरं चालूच राहतं. घाटात दरड कोसळून हमरस्ता बंद झाला म्हणून आपण पाखाडी उतरून शेजारच्या घरी जायचं थांबत नाही ना, तसंच हे. राऊटरला वीज मिळाली की झालं.

आता तुमच्या पिनेबद्दल. यूएसबीच्या जोडणीत वीज नेणारे संपर्क वेगळे आणि माहिती नेणारे वेगळे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर फोन वापरला, त्यात पावसाळ्यात ओल्या हाताने चार्जिंगला लावला, की त्या बारीक पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. माहितीचे संपर्क गेले आणि विजेचे टिकले, तर तुम्ही लिहिलंय तसंच होतं: चार्ज होतो, दिसत नाही. फक्त दुकानदाराचं मान्य करण्याआधी एकदा दुसरी केबल लावून बघा. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात, त्या निव्वळ चार्जिंगच्या असतात. आणि काहीही झालं तरी त्या भोकात टाचणी घालून खरवडू नका. चार्जिंग तेवढं शिल्लक आहे, तेही जाईल.

केबलचा विषय इथे संपला. विनावायर जोडणीकडे वळू.

पहिला प्रश्न मी नेहमी हा विचारतो: राऊटरपासून डेस्कटॉपपर्यंत वायर आलीय का? लोकांना वाटतं, फोन वायरलेस जोडायचा म्हणजे डेस्कटॉपलाही वाय-फाय हवं. तसं नाही. डेस्कटॉप राऊटरला लॅन केबलने जोडलेला असला आणि फोन त्याच राऊटरच्या वाय-फायवर असला, तर दोघं एकाच नेटवर्कवर आहेत. डेस्कटॉपला काहीही विकत आणायची गरज नाही. उलट मी तर म्हणेन, जमत असेल तिथे डेस्कटॉप वायरनेच जोडा. हलणारं यंत्र फोन आहे, मोकळा त्याला ठेवायचा. डेस्कटॉप तर वर्षानुवर्षं एकाच टेबलावर बसलेला असतो.

वायर ओढणं शक्यच नसेल, राऊटर ओटीवर आणि ऑफिस मागच्या पडवीत असं असेल, तर यूएसबीचा वाय-फाय डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा वाय-फाय पकडणारा छोटा तुकडा, घ्यावा लागतो. घेताना २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही पट्टे चालणारा घ्या, आणि शक्य असेल तर ब्लूटूथही असलेला. त्याचा उपयोग पुढे सांगतो. डोंगल घेऊन झाला की बहुतेक जण तो सीपीयूच्या कॅबिनेटमागे खुपसून मोकळे होतात. तिथे तो सर्वात वाईट जागी असतो. पुढे लोखंडी पेटी, मागे चिऱ्याची भिंत. त्यात शेजारच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर आणखी पंचाईत, कारण यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. हर्णैला एका मासळी व्यापाऱ्याच्या दुकानात दोन डोंगल बदलून झाले होते आणि तिसरा मागवला होता. मी गेलो, डोंगलला मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर उघड्यावर आणला, आणि जुनाच डोंगल व्यवस्थित चालू लागला. ही वायर डोंगलपेक्षा स्वस्त पडते. आधी ती घ्या.

भिंतींचंही ऐका. आपली घरं जांभ्याची. भिंत जाड, दगड सच्छिद्र, आणि पाऊस लागला की तो पाणी धरतो. वाय-फायचा सिग्नल पाणी शोषून घेतं, त्यामुळे एप्रिलमध्ये पडवीत येणारी रेंज जुलैमध्ये येईनाशी झाली तर राऊटर बिघडला असं समजू नका. ५ गिगाहर्ट्झ वेगाने चालतो, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. २.४ संथ, पण भिंतीपलीकडे पोचतो. राऊटर आणि डेस्कटॉप एकाच खोलीत असतील तर ५ वापरा, मध्ये एक भिंत असेल तर दोन्ही करून बघा, दोन भिंती असतील तर २.४ वर समाधान माना. आणि राऊटर लोखंडी कपाटावर किंवा पत्र्याच्या छपराला चिकटून ठेवू नका. अशी घरं मी खूप पाहिली आहेत.

आता तुमचा खरा अडथळा. ॲप टाकलं, पण कॉम्प्युटर दिसत नाही. माझ्याकडे आलेल्या अशा तक्रारींमध्ये दोष ॲपचा क्वचितच निघतो. फोन आणि डेस्कटॉप एका नेटवर्कवर आहेत असं आपण धरून चालतो आणि ते नसतात. हे डोळ्यांनी तपासता येतं. फोनमध्ये वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर दाबा, खाली आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्या यंत्राचा आकड्यांतला पत्ता, दिसेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. डेस्कटॉपवर सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग तुमच्या जोडणीच्या प्रॉपर्टीज, तिथे आयपीव्ही४ पत्ता असतो. दोन्ही कागदावर लिहा. घरगुती राऊटरमध्ये पहिले तीन आकडे सारखे आणि शेवटचा वेगळा असेल तर दोघं एका घरात आहेत. फोनचा १९२.१६८.०.७ आणि डेस्कटॉपचा १९२.१६८.१.५ असेल तर नाहीत. डेस्कटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायरचं टोक काढून बघा, आपल्याकडे बहुतेक वेळा त्याच्या धातूच्या पट्ट्या काळवंडलेल्या असतात.

तिसरा आकडा वेगळा येण्याचं कारण घरगुती निवासांत जवळपास ठरलेलं असतं. नेटवाल्याने दिलेला एक राऊटर आणि पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत रेंज जावी म्हणून नंतर बसवलेला दुसरा. तो दुसरा राऊटर स्वतःचं वेगळं नेटवर्क काढतो. तुम्ही फोन घेऊन अंगणातून ऑफिसात येता, फोन अजून त्या दुसऱ्यालाच चिकटलेला, आणि डेस्कटॉप पहिल्याला. नेट दोन्हीकडे येतं, म्हणून शंकाही येत नाही. दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये त्याला 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाकलं की तो वेगळं नेटवर्क काढायचं थांबवतो. तुम्हाला नेट जोडून देणाऱ्या माणसाला एवढे शब्द सांगितले तरी त्याला कळेल.

पत्ते जुळतात, तरीही दिसत नाही? मग फोनमध्ये व्हीपीएन, म्हणजे सगळं दुसरीकडच्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय, चालू आहे का बघा. तो चालू असेल तर फोन घरातला रस्ता सोडून सगळं बाहेर पाठवतो. पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' नावाच्या वाय-फायवर फोन जोडला गेलाय का, तेही बघा. त्या नेटवर्कवरच्या यंत्रांना घरातल्या यंत्रांपासून मुद्दाम तोडलेलं असतं, काही वेळा एकमेकांपासूनही. आणि नेट बंद असताना फोन विचारतो, या वाय-फायला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का? आपण घाईत नाही म्हणतो किंवा फोन स्वतःच मोबाईल डेटावर उडी मारतो. तिथे 'जोडलेलं राहा' निवडायचं. फायबर तुटलेली असताना तुमचं काम होणार आहे ते याच उत्तरावर.

यानंतर विंडोजची भिंत येते. नव्या नेटवर्कला जोडताना विंडोज ते पब्लिक मानून चालतं, म्हणजे बसस्थानकावरचं किंवा हॉटेलातलं परकं वाय-फाय. पब्लिक असेल तर तो डेस्कटॉपला लपवून ठेवतो. घरात हे नको. नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये तुमच्या जोडणीवर जा, नेटवर्क प्रोफाइल टाइपमध्ये 'प्रायव्हेट' निवडा. दुसरी गोष्ट, ॲप पहिल्यांदा उघडल्यावर फायरवॉलची, म्हणजे नेटवर्कवरून कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्याची, एक चौकट येते, परवानगी द्यायची का म्हणून विचारते. बरेच जण भीतीने 'कॅन्सल' करतात. त्या एका कॅन्सलने विंडोज त्या ॲपला कायमची बंदी घालतो आणि पुन्हा विचारत नाही. मुलाने फोनवरून सांगितलं तेव्हा तुमच्याकडून हेच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. विंडोज सिक्युरिटीमध्ये फायरवॉलच्या पानावर 'अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल' असतं, तिथे त्या ॲपसमोर प्रायव्हेटची खूण करा. पब्लिकची नको.

एवढं झाल्यावर ॲपची पाळी. तुमच्या कामासाठी मी लोकलसेंड सुचवतो. फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना बघायला खुला आहे, खातं काढावं लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, लिनक्स सगळीकडे चालतं. फोनवर आणि डेस्कटॉपवर दोन्हीकडे टाका, दोन्हीकडे उघडा. ते प्रत्येक यंत्राला स्वतःच एक इंग्रजी नाव देतं, एखादं विशेषण आणि त्यापुढे फळाचं नाव. ते बदलून 'ऑफिस' आणि 'ताईंचा फोन' असं करून टाका, म्हणजे गोंधळ नको. फोनवर फोटो निवडायचे, 'ऑफिस'वर दाबायचं, डेस्कटॉपवर 'स्वीकारा' म्हणायचं. फोटो डाऊनलोड्सच्या फोल्डरात येऊन पडतात, मूळ आकारात, एक ठिपकाही कमी न होता.

यात एक बारकावा आहे. यादीत नाव येण्यासाठी दोन्ही यंत्रं नेटवर्कवर एक सामूहिक हाक मारतात. काही राऊटर ही हाक अडवतात, पण सरळ पत्त्यावर पाठवलेलं अडवत नाहीत. म्हणजे यादी रिकामी असली तरी रस्ता मोकळा असू शकतो. लोकलसेंडमध्ये हाताने पत्ता घालून पाठवायची सोय आहे. मघाशी कागदावर लिहिलेला डेस्कटॉपचा आयपी पत्ता तिथे घाला. कित्येक घरांत एवढ्यानेच काम झालंय, आणि तो कागद मी डेस्कटॉपच्या पडद्याखाली चिकटवून आलोय.

वेगाचा अंदाज असावा म्हणून सांगतो. २.४ वर सेकंदाला ४-५ मेगाबाइट मिळाले तरी चांगले, ५ वर एकाच खोलीत २० ते ४०. राऊटरचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचं असेल, जे स्वस्त राऊटरमध्ये बऱ्याचदा असतं, तर वायरमधून सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या वर जाणार नाही. वीस जीबीचे व्हिडिओ २.४ वरून हलवायला तासाच्या वर लागेल. तेवढा वेळ फोनचा पडदा चालू ठेवा आणि बॅटरी सेव्हर बंद. पडदा विझला की बरेच फोन पाठवणं मध्येच थांबवतात आणि दोष वाय-फायला जातो.

ब्लूटूथने पाठवू का, असं बरेच जण विचारतात. एखादा फोटो, एखादी पीडीएफ असेल तर जरूर. पण त्याचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला दोन-अडीचशे किलोबाइट, एक जीबीला तासाभराहून जास्त. शिवाय विंडोजवर आधी 'रिसिव्ह फाइल्स' उघडून वाट बघत बसवावं लागतं, नाहीतर फोन म्हणतो पाठवता आलं नाही. ब्लूटूथची खरी जागा वेगळी आहे. मायक्रोसॉफ्टच्या फोन लिंकमधून तुम्ही डेस्कटॉपवर बसून फोनचे कॉल घेऊ शकता, ते ब्लूटूथवरून जातात. मे महिन्यात बुकिंगचे फोन सतत येत असतात तेव्हा कीबोर्डवरचा हात न काढता बोलता येणं ही मोठी सोय आहे. म्हणून मघाशी ब्लूटूथवाला डोंगल घ्या म्हटलं. फोन लिंकला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि जोडणी करताना इंटरनेट हवं, त्यामुळे ती ज्या दिवशी नेट धड आहे त्या दिवशी करून ठेवा. गूगलचं क्विक शेअरही विंडोजवर चालतं आणि चांगलं आहे, पण त्यालाही डेस्कटॉपवर ब्लूटूथ लागतं, आणि जुन्या डेस्कटॉपवर ते नसतं. डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स असेल तर केडीई कनेक्ट हे ॲप डोळे झाकून टाका. फोनवर कॉपी केलेला मजकूर डेस्कटॉपवर पेस्ट होतो इतकी जवळीक त्यात आहे.

डेस्कटॉप फारच जुना, विंडोज ७ वगैरे असेल तर? काही फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये एफटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली नेण्याच्या जुन्या पद्धतीची, सोय असते. ती चालू केली की फोन एक पत्ता दाखवतो. तो ब्राउझरमध्ये घालू नका, क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलंय. 'माय कॉम्प्युटर'ची खिडकी उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत घाला, फोनचे फोल्डर समोर येतील. यातला पासवर्ड उघडा प्रवास करतो, म्हणून काम झालं की लगेच बंद करा.

आयफोनचे पाहुणे आले आणि त्यांनी काढलेले फोटो तुम्हाला द्यायचे म्हणाले, तर त्यांचं एअरड्रॉप विंडोजशी बोलत नाही. लोकलसेंड चालतं, फक्त आयफोन 'लोकल नेटवर्क'ची परवानगी विचारेल ती द्यायला सांगा. आणि असे फोटो काढलेले पाहुणे तुमच्या ऑफिसात बसलेले असताना त्यांना गेस्ट वाय-फायवर ठेवून चालणार नाही. तेवढ्यापुरतं घरचं वाय-फाय द्यायचं की व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागायचं, हे तुम्ही ठरवा. मी दुसरं करीन.

व्हॉट्सॲपबद्दल बोललंच पाहिजे, कारण सध्या तुम्ही बहुधा तेच करत असाल, स्वतःलाच फोटो पाठवून डेस्कटॉपवर उतरवून घेणं. फोटो म्हणून पाठवलं की तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, दोन जीबीपर्यंत. पण दोन हातांच्या अंतरावरच्या संगणकावर जायला तो आधी दूरच्या सर्व्हरवर चढतो आणि मग पुन्हा उतरतो. तुमच्या भागातल्या रेंजवर हे दुहेरी ओझं कशाला? आणि पाहुण्यांचं आधार अशा वाटेने फिरवायला माझा स्पष्ट विरोध आहे. विश्वासाने दिलेला कागद तुमच्या घरातल्या राऊटरच्या बाहेर जायचं कारण नाही. मास्क्ड आधार मिळत असेल तर तेच मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. डेस्कटॉपवर पोचल्यावर ते फोटो फोनमधून काढून टाका, व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधूनही.

त्याच कारणाने, पाहुण्यांना घरचं वाय-फाय देणं आजपासून बंद करा. तुम्ही डेस्कटॉप प्रायव्हेट केलात म्हणजे त्या वाय-फायवरच्या प्रत्येकाला तो दिसू शकतो. राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करा, त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि भिंतीवरच्या पाटीवर तोच लिहा. तुमचा स्वतःचा फोन मात्र चुकूनही त्यावर जोडू नका. फोनमध्ये ते नाव जतन असेल तर 'फर्गेट' करून टाका.

आणखी एक. फाइल पाठवायची म्हणून कुणी शेअरइट किंवा झेंडर शोधून द्यायला लागला तर घेऊ नका. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये ही दोन्ही होती. तरी लोक कुठल्या तरी संकेतस्थळावरून त्यांची एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, उतरवून घेतात, आणि सोबत काय आलं ते त्यांना कळत नाही.

लाईट गेली तर काय, हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. राऊटर बंद, पण डेस्कटॉप इन्व्हर्टरवर चालतोय. अशा वेळी फोनच राऊटर होऊ शकतो. फोनचा मोबाईल डेटा बंद करा, हॉटस्पॉट चालू करा, डेस्कटॉप त्या हॉटस्पॉटला जोडा. इथे मात्र डेस्कटॉपला वाय-फाय लागतं, म्हणून वायरवाल्यांनीही एक साधा डोंगल खणात ठेवावा. डेटा बंद करायला विसरू नका. हॉटस्पॉट मिळताच विंडोज स्वतःचे अपडेट ओढायला लागतो आणि दिवसाचा दीड जीबी चहा होईपर्यंत संपतो. डेटा चालू ठेवायचाच असेल तर विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाची, म्हणून खूण करा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोलीकडच्या गावांत कित्येक दिवस ना वीज होती, ना रेंज. सुपारी, नारळ, आंब्याच्या बागा आडव्या झाल्या होत्या. लोकांनी पडलेल्या झाडांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवले होते, पंचनाम्याला ते छापून जोडायचे होते, आणि फोनमधून बाहेर काढायचे कसे हेच कुणाला कळत नव्हतं. आम्ही एका ओटीवर जनरेटरवर एक संगणक आणि प्रिंटर मांडला, एका फोनचा हॉटस्पॉट लावला आणि बाकीचे फोन त्यावर जोडत गेलो. एकाही फोनला रेंजची काडी नव्हती. फोटो मात्र येत होते. त्या दिवसापासून मी हॉटस्पॉटची ही युक्ती प्रत्येक घरात शिकवतो, कुणी विचारो वा न विचारो.

जोडणी झाली की ती उलट दिशेनेही वापरा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे चिखलाने भरलेले सीपीयू ओळीने येऊन पडले. जमिनीवर ठेवलेला सीपीयू पहिल्यांदा बुडतो, फोन मात्र माणूस खिशात घालून माळ्यावर चढतो. ज्यांच्या हिशोबाची एखादी प्रत फोनमध्ये होती त्यांचं दुकान लवकर उभं राहिलं. तुमच्या बुकिंगची नोंद आणि वर्षाचा हिशोब, दोन्ही मिळून काही मेगाबाइट होतील. महिन्यातून एकदा 'ऑफिस'वरून 'ताईंचा फोन'कडे पाठवा. आणि सीपीयू टेबलावर घ्या.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं कराल त्यात हेही धरा: लॅन वायरची दोन्ही टोकं काढून बघायची, पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर टोक कापून नवीन लावून घ्यायचं. त्या वायरमध्ये आठ तारा असतात. एखादी खाऱ्या हवेने गेली तर काही वेळा नेट चालत राहतं, पण गिगाबिटची (म्हणजे १००० मेगाबिटची) वायर गुपचूप १०० मेगाबिटवर घसरते. डोंगल वापरत नसाल तेव्हा हवाबंद डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

आज संध्याकाळी फार काही करू नका. दोन्ही पत्ते कागदावर लिहा, प्रोफाइल प्रायव्हेट करा, फायरवॉलमध्ये खूण करा, लोकलसेंड दोन्हीकडे उघडा आणि एकच फोटो पाठवा. पोचला तर उरलेले रात्री. नाही पोचला तर मला तीन गोष्टी कळवा: फोनचा पत्ता, डेस्कटॉपचा पत्ता, आणि घरात राऊटर एक आहे की दोन.